पहिल्या तीन पानांत सांगून टाक

चि. लेखकमित्रास,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. एकदा वाचक म्हणून आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. चंद्रावरच्या वसाहतीत झालेला खून, आतून बंद असलेली हवाबंद खोली, तिघांभोवती फिरणारा संशय, इथपर्यंत मी जागचा हललो नाही. मग शेवटून दुसऱ्या पानावर तुझा तपास अधिकारी कपाटातून मृताच्या मेंदूतल्या आठवणी वाचणारे यंत्र काढतो आणि खुनी सापडतो. ते यंत्र तिथे आहे हे मला आधी ठाऊकच नव्हते. रहस्यकथेचा वाचक हरायला तयार असतो, पण पत्ते लपवून हरवलेले त्याला खपत नाही.

हा दोष तुझ्या एकट्याचा नाही. विज्ञानकथेत रहस्यकथा लिहिताच येणार नाही असे जे म्हटले जाई, ते याच कारणाने. ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांचे तसे मत होते आणि विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांनी ते नोंदवून ठेवले आहे: भविष्यकाळातल्या गुप्तहेराला अडचण आली की तो एखादे नवे यंत्र काढणार, मग कोडे उरते कुठे? असिमॉव्ह यांनी या आक्षेपाला उत्तर द्यायला बरीच वर्षे घेतली आणि उत्तर कथा लिहून दिले. त्यांचे आयुष्य तुला थोडे सांगतो, कारण हे उत्तर त्यांना एका रात्रीत सुचलेले नव्हते.

1920 मध्ये रशियात जन्मलेला हा मुलगा 1923 मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढला. वडिलांचे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते. ते पहाटे उघडे आणि मध्यरात्र उलटल्यावर बंद होई. मासिके त्याच दुकानात विक्रीला असत, पण असले स्वस्त वाङ्मय मुलाने वाचू नये असा वडिलांचा दंडक होता. एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द दिसला आणि त्या एका शब्दावर परवानगी मिळाली. दुकानातले तास असिमॉव्ह यांनी जन्मभर पाळले. प्रसिद्धी मिळाल्यावरही पहाटे उठून टंकलेखनयंत्रासमोर बसणे सुटले नाही. पाचशेच्या आसपास पुस्तके लिहिणाऱ्या माणसाच्या प्रतिभेचे कौतुक सगळे करतात. मला त्या दुकानाचे अधिक वाटते.

21 जून 1938 रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, ते आपली पहिली कथा घेऊन स्वतःच कॅम्पबेल यांच्या कार्यालयात गेले. कथा दोन दिवसांत साभार परत आली. मात्र संपादकाने तासभर बोलून, पत्र लिहून ती का परतली हे सांगितले होते. बरोबर चार महिन्यांनी दुसऱ्या एका मासिकाने त्यांची एक कथा घेतली आणि 64 डॉलर मानधन दिले. आपल्याकडे ‘साभार परत’ची चिठ्ठी बहुधा कोरी येते, म्हणून हे पत्र एवढे लांबवतो आहे.

पुढे कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास आणि लेखन दोन्ही चालले. 1948 सालची एक गंमत तुला उपयोगी पडेल. प्रबंध लिहिण्याआधी हात साफ करावा म्हणून त्यांनी ‘थायोटिमोलिन’ नावाच्या काल्पनिक पदार्थावर एक खोटा शोधनिबंध लिहिला. हा पदार्थ पाणी घालण्याच्या क्षणभर आधीच विरघळतो! आलेख, तक्ते, संदर्भ, सगळे अगदी विद्यापीठी थाटाचे. टोपणनावाने छापा अशी विनंती केली होती, पण लेख खऱ्या नावाने आणि नेमका तोंडी परीक्षेच्या तोंडावर छापून आला. परीक्षा संपत आली तेव्हा एका परीक्षकाने गंभीरपणे थायोटिमोलिनच्या गुणधर्मांबद्दल प्रश्न विचारला आणि असिमॉव्ह यांना हसू आवरेना. पदवी मिळणार हे त्यांना त्या प्रश्नावरूनच कळले. गंमत सोड, पण त्या लेखाची रचना पाहा. अशक्य गोष्ट एकच आणि तीही आरंभी सांगितलेली. पुढचे सारे तिच्यातून तर्काने निघते.

आता मुख्य मुद्दा. 1953 मध्ये ‘गॅलक्सी’ मासिकाचे संपादक होरेस गोल्ड यांच्या सूचनेवरून त्यांनी ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही कादंबरी लिहिली. पोलादी छताखाली कोंडलेले न्यूयॉर्क, त्यातला इलायजा बेली हा पोलीस अधिकारी आणि त्याच्या जोडीला दिलेला, माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. या जगात दोन गोष्टी होऊ शकत नाहीत. यंत्रमानव माणसाला इजा करू शकत नाही, कारण तो त्याच्या घडणीतला नियम आहे. आणि शहरातला माणूस एकट्याने उघड्या माळरानावरून चालत जाऊ शकत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या छताखाली राहिल्याने त्याला आभाळाचीच धास्ती वाटते. खून मात्र माळरानापलीकडे झाला आहे. उकल सांगत नाही. पण ती याच दोन गोष्टींतून निघते, तिसरी कुठून आणावी लागत नाही. ‘द नेकेड सन’ या पुढच्या कादंबरीत त्यांनी बाजू उलटवली: अख्ख्या ग्रहावर फक्त वीस हजार माणसे, आणि तीही एकमेकांसमोर प्रत्यक्ष यायला शिसारी येणारी. अशा ठिकाणी कुणी कुणाच्या जवळ जाऊन खून करील कसा?

तुझ्या कथेला सर्वांत जवळची मात्र 1955 ची ‘द सिंगिंग बेल’. तीही चंद्रावरच्या खुनाची आहे. तिची उकल फोडतो, राग मानू नकोस. त्या जगात मन तपासणारे यंत्र आहे, तुझ्यासारखेच! परंतु पुरेसा पुरावा असल्याशिवाय ते कुणावर वापरायला कायद्याची परवानगी नाही, हे वाचकाला आधीच कळते. म्हणजे यंत्र असूनही अडचण कायम. संशयिताचे म्हणणे, मी पृथ्वी सोडलीच नाही. वेंडेल अर्थ हा घरकोंबडा विद्वान बोलता बोलता त्याच्याकडे एक नाजूक वस्तू फेकतो आणि परत फेकायला सांगतो. ती अर्ध्यातच पडून फुटते. नुकत्याच चंद्रावरून आलेल्या हाताला पृथ्वीच्या एक षष्ठांश गुरुत्वाची सवय लागलेली असते. शाळेत शिकलेल्या एका वाक्यावर खुनी सापडतो आणि वाचक स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतो.

नंतर त्यांनी यंत्रे बाजूला ठेवूनही रहस्यकथा लिहिल्या. ‘ब्लॅक विडोअर्स’ मालिकेत दरमहा जेवायला जमणारी मित्रमंडळी आहेत; सगळे हुशार, सगळे बोलके, आणि कोडे सोडवतो तो वाढपी हेन्री, कारण ऐकतो तोच. माणूस म्हणून असिमॉव्ह सर्वस्वी अनुकरणीय होते असे मात्र समजू नकोस. संमेलनांतून स्त्रियांशी त्यांचे वागणे आक्षेपार्ह असे, हे आता उघडपणे लिहिले गेले आहे. त्यांची पात्रेही अनेकदा बोलत्या कल्पनाच असतात. तिथे तू त्यांच्यापेक्षा बरे लिहितोस. तुझी ती रात्रपाळीची परिचारिका माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

मराठीत स्पर्धेला पाठवायचीच असेल तर नावाची फिकीर करू नकोस. 1974 मध्ये जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, आणि बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळाले.

हस्तलिखित सोबत परत पाठवतो आहे. तिसऱ्या पानावर, परिचारिका कपाटाची किल्ली मोजून घेते तिथे, समासात खूण केली आहे. ते यंत्र तिथे आण. ते कुणावर वापरता येते, कुणावर नाही, आणि नाही म्हणणारा कोण, हे तिच्याच तोंडून सांग. मग शेवटची दोन पाने फाडून टाक आणि तपास अधिकाऱ्याला रिकाम्या हातांनी त्या खोलीत सोड. गणपतीपूर्वी दुसरा खर्डा आला तर दिवाळी अंकांच्या मुदतीत बसेल.

तुझा हितचिंतक