मामांकडचं पाच रुपयांचं नाणं रशियात पाडलेलं आहे असं ते म्हणतात, ते खरं का? मुंबईच्या टांकसाळीने कधी परदेशी नाणी पाडली आहेत का? आणि मामांचं ते नाणं विकलं तर किती मिळतील?

तुमचे मामा थट्टा करत नाहीयेत. 1999 किंवा 2000 सालचं ते जाडजूड, नऊ ग्रॅमचं पाच रुपयांचं नाणं हातात घ्या, उजेडात जरा तिरकं धरा आणि सालाच्या खाली भिंगातून बघा. तिथे म, म, द अशा उच्चाराची तीन रशियन अक्षरं दिसली, तर ते मॉस्कोच्या टांकसाळीचं. ‘मॉस्कोव्स्की मोनेत्नी द्वोर’ या नावाची ती आद्याक्षरं. सालाखाली छोटा हिरा असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. चाळीतल्या पोरांना क्रिकेटपटूंचे आकडे पाठ असतात तशा मला या खुणा पाठ आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकातली चिल्लरटंचाई तुम्ही पाहिली नसेल. वाण्याकडे रुपया सुटा नसायचा, तो हातावर गोळ्या टेकवायचा. आपल्या टांकसाळी रात्रंदिवस चालवूनही पुरं पडत नव्हतं, म्हणून सरकारने तयार नाणी बाहेरून मागवली. एक रुपयाची काही मेक्सिकोतून आली, काही स्लोव्हाकियातल्या क्रेम्निका गावातून, दोन रुपयांची दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियातून. त्याआधी 1985 सालीही हे झालं होतं. त्या सालच्या रुपयावर एच हे इंग्रजी अक्षर असेल तर तो बर्मिंगहॅमचा. त्याच सालच्या पन्नास पैशांवर तारा असेल तर मात्र जपून. तो हैदराबादचा नाही, कोरियातल्या देगू टांकसाळीचा आहे. नवखे लोक इथे हमखास फसतात. मीही फसलो होतो.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नाण्यावर छाप कुणाचा, हे महत्त्वाचं; दाब देणारं यंत्र कुणाच्या मालकीचं, याला फारसा अर्थ नाही. टांकसाळ म्हणजे शेवटी कारखाना. धातूची पट्टी लाटायची, तिच्यातून कोऱ्या चकत्या कापायच्या, काठ उचलायचा आणि दोन ठशांच्या मध्ये धरून ठोका द्यायचा. हा कारखाना उभा करायला खर्च प्रचंड, आणि गरज कधी पुराची तर कधी कोरड्या नदीची. छोट्या देशाला तो परवडत नाही आणि मोठ्या देशाची यंत्रं अधूनमधून रिकामी बसतात. मग काम इकडून तिकडे जातं. अमेरिकेने 1874 मध्ये त्यासाठी कायदाच केला आणि लगेच फिलाडेल्फियात व्हेनेझुएलाची नाणी पाडून दिली.

आता आपल्याकडचं. मुंबई या खेळात आधी गिऱ्हाईक होती. 1791 आणि 1794 सालची ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई इलाख्यातली तांब्याची नाणी इंग्रज कारखानदार मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, बर्मिंगहॅमजवळ पाडलेली आहेत. एका बाजूला कंपनीच्या गाठोड्यावरची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि तराजूच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. वाफेच्या यंत्रावर पाडलेली असल्यामुळे एकसारखी गोल आणि गुळगुळीत, बाजारातल्या ओबडधोबड ढब्बू पैशाशेजारी ठेवली तर परग्रहावरची वाटावीत अशी. पुढे फोर्टात, आज रिझर्व्ह बँकेच्या समोर दिसते ती खांबांची इमारत 1829 मध्ये पुरी झाली, तिच्यासाठी वाफेची इंजिनं त्याच सोहोहून आली आणि गिऱ्हाइकाचा दुकानदार झाला.

पहिलं मोठं परदेशी काम म्हणजे ब्रिटिश व्यापारी डॉलर. चीनच्या बंदरांत तेव्हा मेक्सिकोचा चांदीचा डॉलर चालायचा, त्याच्या जागी इंग्रजांना आपलं नाणं हवं होतं. इंग्रजांनी हाँगकाँगला 1866 मध्ये स्वतःची टांकसाळ काढून पाहिली, ती दोन वर्षांत बुडाली. तिची यंत्रं जपानने विकत घेतली आणि ओसाकाला मांडली. हाँगकाँगचा टांकसाळप्रमुख किंडर हाही यंत्रांच्या मागोमाग तिकडे गेला. (त्याच ओसाकाच्या जपानी टांकसाळीने अलीकडे बांगलादेशाला दोन टाक्यांची पन्नास कोटी नाणी पाडून द्यायचं काम घेतलं. एक चक्र पुरं झालं म्हणायचं.) इकडे भारतात 1893 मध्ये सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. आधी कुणीही चांदी आणून रुपये पाडून घेऊ शकत होता, ते थांबलं. यंत्रं मोकळी झाली आणि 1895 पासून मुंबईत डॉलर सुरू झाले. योगायोग म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही.

या डॉलरवर एका बाजूला त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, उभी आहे, दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरांत आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत ‘एक डॉलर’. देवनागरी कुठेच नाही. मुंबईचा पुरावा एवढाच की त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर बी हे बारीक इंग्रजी अक्षर आहे, बॉम्बेचं. हाताने चाचपून कळत नाही, भिंगच लागतं. बहुतेक मुंबईकरांनी आपल्या गावात पाडलेलं हे नाणं कधी पाहिलेलंही नसेल.

पण मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच नाणं, मारिया थेरेसा थालर, ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाचं चांदीचं नाणं. माझ्याकडे एक आहे. नाण्यांच्या एका प्रदर्शनात विक्रेत्याने शपथेवर सांगितलं होतं, ‘साहेब, सतराशे ऐंशीचं अस्सल.’ साल खरंच 1780 आहे. पुढे गुबगुबीत चेहऱ्याची, डोक्यावरून ओढणी घेतलेली ऑस्ट्रियाची राणी, खांद्यावर मोत्यांचा कशिदा काढल्यासारखी पिन. मागे दोन तोंडांचा गरुड. काठावरही अक्षरं कोरलेली, न्याय आणि दया अशा अर्थाची, म्हणजे काठ कातरून कुणी चांदी चोरली तर लगेच दिसावं. मी बरीच वर्षं ते अडीचशे वर्षांचं म्हणून पाहुण्यांना दाखवत होतो.

खरी गोष्ट अशी की राणी 1780 मध्ये वारली आणि नाणं तिच्याबरोबर मेलं नाही. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनपासून इथिओपियापर्यंत, कॉफीच्या व्यापारातून हे नाणं इतकं मुरलं होतं की लोक दुसरं घेईनात. खांद्यावरच्या पिनेतले मोती मोजून घ्यायचे, तेवढे भरले नाहीत तर परत. नवं साल घातलं तर नाणं नकली समजायचे. म्हणून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना टांकसाळीने साल 1780 वर गोठवलं आणि ती तेच नाणं पुढे शतकभराहून जास्त काळ पाडत राहिली. राज्य गेलं, राणी गेली, छाप तेवढा राहिला.

1935 मध्ये मुसोलिनीला इथिओपियात सैन्य घुसवायचं होतं आणि तिथले शेतकरी खेचरं, चारा, धान्य थालरवरच विकत. त्याने ऑस्ट्रियाकडून ठसे आणि पाडण्याचा हक्क मिळवला, रोममध्ये थालर सुरू झाले. इंग्रजांचा तांबड्या समुद्रावरचा व्यापार अडला, तेव्हा लंडनने 1936 पासून स्वतःच पाडायला घेतले. ऑस्ट्रियाच्या मेलेल्या राणीचं नाणं, एकाच वेळी रोममध्येही आणि लंडनमध्येही! 1940 मध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्रातून जहाजं जाईनात. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एडन या इंग्रजांच्या बंदराला जवळची मोठी टांकसाळ कोणती? आपली. एडन 1932 पर्यंत मुंबई इलाख्यातच होतं, वाट पायाखालची होती. 1940 ते 1942 या काळात फोर्टातल्या टांकसाळीने सुमारे 1 कोटी 89 लाख थालर पाडले. सगळ्यांवर साल 1780. मे 1941 मध्ये इथिओपियाचा बादशहा हैले सेलासी आदिस अबाबाला परतला, तेव्हा इंग्रज फौजेच्या खर्चाच्या पिशव्यांत असे थालर होते.

आता यातला टोचणारा भाग. त्याच 1940 साली आपला रुपया पातळ झाला. तोपर्यंत तोळाभर वजनाच्या रुपयात अकरा बारांश चांदी असायची. 1940 पासून ती निम्म्यावर आणली, कारण लोक चांदीचे रुपये साठवून ठेवत होते आणि सरकारला चांदी हवी होती. हिशेब करून बघा. नव्या रुपयात शुद्ध चांदी जेमतेम 5.8 ग्रॅम, थालरमध्ये 23.4 ग्रॅम. म्हणजे एका थालरात आपल्या चार नव्या रुपयांची चांदी. एकाच इमारतीत, कदाचित शेजारशेजारच्या यंत्रांवर, इथल्या माणसासाठी अर्ध्या चांदीचं आणि इथिओपियातल्या खेचरवाल्यासाठी भरपूर चांदीचं नाणं पडत होतं. इंग्रज सरकारचा त्यात दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. इथल्या माणसाला रुपया घ्यावाच लागत होता, तिथल्याला थालर नको म्हणता येत होता, एवढाच फरक होता.

माझं नाणं मुंबईचं आहे का? गरुडाच्या शेपटीची पिसं आणि पिनेचे मोती तपासून जाणकार टांकसाळ ओळखतात. माझं व्हिएन्नाचं निघालं, तेही बऱ्याच नंतर पाडलेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच युद्धात मुंबईने ऑस्ट्रेलियाच्या पेनी आणि अर्ध्या पेनीही पाडल्या, 1942 आणि 1943 च्या. मागे उडी मारणारं कांगारू, पुढे राजा सहावा जॉर्ज आणि त्याच्या मानेखाली आय हे अक्षर, इंडियाचं. पहिल्या महायुद्धात हेच काम कलकत्त्याने केलं होतं, 1916 ते 1918. आपल्या गोव्याचीही एक नोंद आहे. 1881 आणि 1882 चे पोर्तुगीज राजा लुईशचा मुखडा असलेले रुपये पणजीत किंवा लिस्बनमध्ये नाही, ब्रिटिशांच्या कलकत्त्यात पाडले गेले. 1878 मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला होता, त्याचा हा एक भाग. गोव्यातल्या माणसाच्या खिशात पोर्तुगालचा राजा, पण घडण हुगळीकाठची.

हा धंदा कायमचा नसतो. ब्रिटनच्या शाही टांकसाळीने शतकानुशतकं जगभरासाठी नाणी पाडली आणि 2024 मध्ये जाहीर केलं की परदेशी नाण्यांचं काम आता बंद. लोक रोख कमी वापरतात, कामं मिळेनात. तिथे आता जुन्या संगणकांच्या सर्किट बोर्डांमधून सोनं काढतात.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, मॉस्कोच्या पाच रुपयांना किती मिळतील. ती नाणी भरपूर पाडली होती आणि हातोहात फिरून झिजलेलं असेल तर पाचच रुपये मिळतील. यूट्यूबवर लाखांच्या गोष्टी सांगतात त्यांच्याकडे जाऊ नका. आणि कृपा करून ते चिंचेने घासू नका. घासलेलं नाणं चकचकीत दिसतं, पण बारीक रेषा पडल्या की जमवणारा माणूस त्याला हात लावत नाही. मामांकडून मागून घ्या, कागदी पाकिटात ठेवा.