वाचकांचे प्रश्न : स्टिक, टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यात आवाज कुठे अडतो?

या वेळच्या बहुतेक पत्रांमधली तक्रार एकाच जातीची आहे. चित्र उत्तम येते, आवाज मात्र अर्धवट येतो, उशिरा येतो किंवा येतच नाही. यांपैकी बहुतेक घरांत एकही उपकरण बिघडलेले नसावे, असे पत्रांतील वर्णनावरून वाटते. त्यामुळे केबल किंवा रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायर) बदलण्याआधी पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीला लावली आहे आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (टीव्हीतला आवाज बाहेर पाठवणारा एचडीएमआय पोर्ट) केबल ५.१ रिसीव्हरला (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) नेली आहे. रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ असे दिसते, तरीही मागच्या स्पीकरमधून अगदी पुसट आवाज येतो. स्पीकर खराब झाले असतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्पीकरवर संशय घेण्याआधी रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर नीट लक्ष द्यावे, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. ‘डॉल्बी सराउंड’ हे आजच्या अनेक रिसीव्हरमध्ये एका प्रक्रियेचे नाव असते; आलेला आवाज दोनच वाहिन्यांचा (म्हणजे दोनच स्पीकरसाठीचा) असला तरी तो सगळ्या स्पीकरमध्ये पसरवण्याचे काम ही प्रक्रिया करते. खरा सहा वाहिन्यांचा आवाज पोहोचत असेल तर तिथे ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ असे दिसायला हवे. रिमोटवरचे इन्फो बटण दाबल्यास बऱ्याच रिसीव्हरवर आत येणाऱ्या संकेताचे वर्णन आकड्यांत दिसते. ३/२/.१ याचा अर्थ पुढच्या तीन, मागच्या दोन आणि सबवूफरची एक वाहिनी असा होतो, तर २/०/.० म्हणजे साधा स्टिरिओ. आपल्याकडे दुसरा आकडा दिसेल असा माझा अंदाज आहे.

असे होण्याचे कारण उपकरणांच्या आपसांतील बोलण्यात आहे. एचडीएमआय केबल जोडताच स्टिक समोरच्या उपकरणाला ‘तुला कोणकोणते आवाज समजतात?’ असे विचारते, आणि समोरून येणाऱ्या यादीप्रमाणे आवाज पाठवते. आपल्या जोडणीत स्टिकच्या समोर रिसीव्हर नसून टीव्ही आहे, आणि टीव्हीला स्वतःचे दोनच स्पीकर असल्यामुळे तो अनेकदा ‘मला स्टिरिओ पुरे’ असेच सांगतो. यजमानाने दोनच पाने मांडायला सांगितल्यावर पलीकडच्या खोलीत सहा माणसे बसली आहेत हे वाढप्याला कळण्याचा मार्ग नसतो, तशीच स्टिकची अवस्था होते.

यासाठी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट शोधावे. तेथे ‘पीसीएम’ (उलगडलेला, न दाबलेला आवाज) निवडलेले असेल तर ते बदलून ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’ करावे. कंपनीगणिक नाव वेगळे असले तरी आलेला आवाज न उलगडता पुढे पाठवावा, हाच त्यामागचा हेतू आहे. त्यानंतर स्टिककडे वळावे. फायर टीव्हीमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स, त्यात ऑडिओ आणि त्यात सराउंड साउंड या ठिकाणी ‘बेस्ट अव्हेलेबल’ निवडावे. गूगल टीव्ही असलेल्या क्रोमकास्टमध्ये हीच गोष्ट अॅडव्हान्स्ड साउंड सेटिंग्जमध्ये मिळते. शेवटी स्टिकची वीज काढून पुन्हा द्यावी, म्हणजे ती नव्याने विचारपूस करील.

‘पीसीएम’ बदलण्याचा एवढा आग्रह का, हे आकड्यांवरून समजेल. न दाबलेल्या आवाजासाठी, सेकंदाला ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा या हिशेबाने, दोन वाहिन्यांना सेकंदाला सुमारे १५ लाख बिट लागतात आणि सहा वाहिन्यांना सुमारे ४६ लाख. एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आलेली एआरसीची वाट जुन्या ऑप्टिकल केबलच्या मापाने आखलेली असल्यामुळे न दाबलेल्या सहा वाहिन्या तिच्यातून जात नाहीत. डॉल्बी डिजिटल मात्र त्याच सहा वाहिन्या सेकंदाला जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार बिटांत बसवते. म्हणून आवाज टीव्हीने उलगडला की मागच्या वाहिन्या पुढच्या दोनांत मिसळल्या जातात, आणि बांधलेल्या गाठोड्यासकट पुढे ढकलला की सगळ्या वाहिन्या रिसीव्हरपर्यंत पोहोचतात.

ज्यांच्याकडे अॅपल टीव्ही ४के आहे त्यांनी एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी. हे उपकरण आवाज सहसा स्वतःच उलगडून पीसीएम स्वरूपात पाठवते, त्यामुळे साध्या एआरसीवर त्याचा स्टिरिओ होण्याचा संभव अधिक असतो. त्याच्या ऑडिओ फॉरमॅटमध्ये ‘चेंज फॉरमॅट’ सुरू करून डॉल्बी डिजिटल ५.१ निवडले की काम भागते. मात्र त्याच्याकडून अॅटमॉस (वरून येणारा आवाजही भासवणारा डॉल्बीचा प्रकार) हवे असेल तर ई-एआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) असलेला टीव्ही किंवा रिसीव्हरशी थेट जोडणी सहसा लागते.

एवढे करूनही आकडा २/०/.० च राहिला तर चित्रपटाची ध्वनिभाषा तपासावी. एकाच चित्रपटाची मूळ भाषेतील ध्वनिपट्टी ५.१ आणि भाषांतरित ध्वनिपट्टी फक्त स्टिरिओ असणे हे नेहमीचेच आहे, आणि तिथे कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. ती परत आली की टीव्हीवर चित्र येते, पण रिसीव्हर मुका राहतो. कधी तासाभराने आवाज आपोआप सुरू होतो. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : एआरसी सुरू होण्यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर यांनी सीईसी या नियंत्रणवाहिनीवरून एकमेकांची ओळख पटवून घ्यावी लागते. वीज परतल्यावर टीव्ही, रिसीव्हर आणि स्टिक ही तिन्ही उपकरणे एकाच क्षणी जागी होतात, एकाने विचारले तेव्हा दुसरे अजून तयार नसते, आणि ही ओळख अर्धवट राहते. अशा वेळी टीव्ही व रिसीव्हर या दोघांच्याही पिना भिंतीतून काढून काही मिनिटे तशाच ठेवाव्यात, कारण रिमोटने बंद केलेले उपकरण प्रत्यक्षात अर्धे जागेच असते. मग आधी टीव्ही, तो पूर्ण सुरू झाल्यावर रिसीव्हर आणि शेवटी स्टिक, या क्रमाने वीज द्यावी.

सीईसी चालू आहे ना, हेही पाहून घ्यावे. प्रत्येक कंपनीने त्याचे बारसे वेगळे केल्यामुळे ते सेटिंगमध्ये चटकन सापडत नाही: सॅमसंगमध्ये ते अॅनिनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक आणि पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक या नावाने आढळते. आपली स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून वीज घेत असेल तर तिला तिच्याबरोबर आलेला अॅडॅप्टर द्यावा. टीव्ही बंद होताच स्टिकही बंद पडणे आणि दर वेळी नव्याने सुरू होणे हे या घोटाळ्यात भरच घालते.

आपण कोकणात राहता म्हणून प्रश्नाबाहेरचे एक सांगतो. विजा कडाडत असताना केवळ मेनची पिन काढून भागत नाही. केबल किंवा डिशची तारही सोडवावी, कारण त्या तारेने आलेला झटका एचडीएमआय पोर्ट जाळू शकतो आणि तो पोर्ट बदलून घेणे महागात पडते.

प्रश्न : माझा रिसीव्हर २०१२ चा असून आवाजाला आजही तोड नाही. नवी ४के स्टिक त्याला थेट लावली तर कधी काळा पडदा दिसतो, तर कधी एचडीसीपीची सूचना येते. दुकानदार नवा रिसीव्हर घ्या म्हणतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : घेऊ नये, निदान एवढ्या कारणासाठी तरी नाही. ४के चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीसीपी २.२ ही कुलपाची पद्धत वापरतात, आणि ती स्टिकपासून पडद्यापर्यंतच्या प्रत्येक उपकरणात असावी लागते. २०१२ च्या रिसीव्हरमध्ये ती नाही. ती यंत्रातील चिपवर अवलंबून असल्याने सॉफ्टवेअर अद्ययावत करूनही येणार नाही. मात्र ही अडचण चित्राच्या वाटेवरची आहे. आपल्या रिसीव्हरचा अॅम्प्लिफायर आणि त्याची आवाज उलगडण्याची क्षमता यांना तिने काहीही बाधा येत नाही.

आपल्यापुढे दोन चांगल्या वाटा आहेत. स्टिक टीव्हीला लावून आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणावा. त्या काळातील अनेक रिसीव्हरमध्ये एआरसी असते, फक्त ती ‘एआरसी’ असे लिहिलेल्या आउट पोर्टवरच चालते आणि मेनूतून सुरू करावी लागते. आपल्या रिसीव्हरमध्ये ती नसेल तर टीव्हीतून ऑप्टिकल केबल काढावी. ऑप्टिकलमधून स्टिरिओ पीसीएम आणि ५.१ चे डॉल्बी डिजिटल जाते, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. म्हणून टीव्हीच्या आउटपुटमध्ये ‘डॉल्बी डिजिटल’ असा स्वतंत्र पर्याय असल्यास तोच निवडावा. दुसरी वाट अशी की, आपला टीव्ही लहान असेल आणि बसण्याची जागा लांब असेल, तर स्टिकचे चित्र १०८०पी वर आणून ती रिसीव्हरला थेटच लावावी. तीन मीटरवरून ४३ इंची पडद्यावर ४के आणि १०८०पी यांतील फरक फार थोड्यांच्या डोळ्यांना जाणवतो, हे माझे मत आहे. दुकानदाराचे वेगळे असणार.

प्रश्न : पात्रांचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. रिसीव्हरमधील ऑडिओ डिले वाढवला तर गोंधळ आणखी वाढतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आवाज चित्राच्या पुढे आहे की मागे, हे आधी ठरवावे. टाळी वाजवण्याचे किंवा दार आपटण्याचे दृश्य लावून पाहिले की ते लगेच कळते. स्टिक रिसीव्हरला थेट जोडलेली असेल तर आवाज तत्काळ निघतो आणि टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो, त्यामुळे आवाज पुढे धावतो. ऑडिओ डिले याच दोषावरचा उपाय आहे. आपल्याकडे मात्र आवाज मागे पडत असावा, म्हणूनच डिले वाढवल्याने अंतर वाढले. मागे पडलेला आवाज रिसीव्हरला पुढे ओढता येत नाही. तेव्हा डिले शून्यावर आणावा, टीव्हीचे आउटपुट ‘पासथ्रू’ करावे म्हणजे टीव्हीतील प्रक्रियेचा वेळ वाचेल, आणि तरीही फरक राहिला तर स्टिक रिसीव्हरला थेट लावून मग डिले थोडा थोडा वाढवत जावा.

अगदी शून्य फरकाचा हट्ट धरू नये. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की फरक जाणवू लागतो, पण मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत तो लक्षात येत नाही. प्रकाश आधी आणि ध्वनी नंतर ही आपल्या इंद्रियांची जन्मापासूनची सवय आहे, हे त्यामागचे कारण असावे.

प्रश्न : संगीत आणि स्फोट दणदणीत ऐकू येतात, संवाद मात्र जवळजवळ नाहीतच. (एक वाचक, पणजी)

उत्तर : ५.१ मध्ये संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरमधून येतात. तो स्पीकर आपण जोडलाच नसेल आणि रिसीव्हरच्या स्पीकर सेटअपमध्ये तो आहे असे नोंदलेले असेल, तर संवाद त्या रिकाम्या तारेकडे जाऊन नाहीसे होतात. तिथे ‘सेंटर’समोर ‘नन’ निवडावे, म्हणजे रिसीव्हर संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटून देईल. स्पीकर जोडलेला असेल तर रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून तो प्रत्यक्षात वाजतो का ते ऐकावे, आणि वाजत असल्यास त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी ठेवावा लागत असेल तर डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन किंवा नाइट मोड सुरू करावा. त्यामुळे स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. दिवसा तो आठवणीने बंद करावा, अन्यथा चांगला सबवूफर असूनही चित्रपट सपाट वाटेल.