‘वर्ग २’ मध्ये असलेले मातीचे धरण फुटण्याच्या बेतात असते का?

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मातीच्या धरणाची नोंद तपासणीत ‘वर्ग २’ मध्ये झाली आहे, तेव्हा ते फुटेल का, असे आपण विचारले आहे. तसा अर्थ त्यातून निघत नाही, पण निर्धास्त राहावे असाही निघत नाही. मी पाटबंधाऱ्याच्या कामात अनेक वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो.

मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते आणि आढळलेल्या त्रुटी तीन वर्गांत मांडल्या जातात. धरण फुटण्यास कारणीभूत ठरू शकतील अशा त्रुटी वर्ग १ मध्ये, तातडीने दुरुस्त कराव्या लागणाऱ्या मोठ्या त्रुटी वर्ग २ मध्ये आणि वर्षभरात नेहमीच्या देखभालीतून दूर होणाऱ्या किरकोळ त्रुटी वर्ग ३ मध्ये येतात. हे वर्गीकरण धरणाच्या आजच्या प्रकृतीचे आहे. धरण फुटल्यास खालच्या वस्तीचे किती नुकसान होईल यावरून ठरणारी धोक्याची श्रेणी अगदी वेगळी असते. उत्तम स्थितीतले धरणही खाली दाट वस्ती असल्यास वरच्या श्रेणीत जाते. बातम्यांमध्ये या दोहोंची नेहमी गल्लत होते आणि लोक विनाकारण घाबरतात. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा तर मुख्यतः उंची पाहतो: १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण त्याच्या कक्षेत येते, आणि १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा, पुराचा विसर्ग यांसारख्या अटींपैकी एखादी पूर्ण करत असतील तर येतात.

आता धरणाच्या रचनेकडे वळू. मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा पाणी अडवतो, दोन्ही बाजूंचे मुरमाचे आवरण त्याला आधार देते आणि गाभ्याखालचा मातीने भरलेला खंदक पायातून जाणारे पाणी रोखतो. जलाशयाकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, असतो. तरीही थोडे पाणी झिरपतेच, आणि ते झिरपावे हे गृहीत धरूनच वाळूची गाळणी व पायथ्याची दगडी रचना केलेली असते. त्यामुळे पायथ्याच्या चरातून स्वच्छ पाणी वाहत असेल आणि साठा उतरला की तेही कमी होत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तेच पाणी गढूळ झाले, साठा तेवढाच असताना वाढले किंवा उतारावर नवीन ओल दिसू लागली, तर आतून माती वाहून जात असल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी शाखा अभियंत्याला कळवावे.

मातीच्या धरणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी धरण ते काही काळ सोसू शकते, माती मात्र काही तासांत कापली जाते. म्हणून सांडव्याची क्षमता आणि पाण्याच्या उच्चतम पातळीवर माथ्यापर्यंत राखलेली मोकळी उंची यांना मी सर्वाधिक महत्त्व देतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले ते विमोचकाचे, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या दरवाजा-नळाच्या व्यवस्थेचे, काम अपुरे असताना पाणी साठल्यामुळे. त्याच्या नळमार्गावरचा भराव खचत गेला आणि माथा पाण्याखाली गेला. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मोरबीवरचे मच्छू-२ धरण फुटले, तेव्हा पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा होता आणि पाणी बाजूच्या मातीच्या भरावांवरून वाहिले.

तेव्हा आपण ग्रामपंचायतीमार्फत कार्यकारी अभियंत्यांना लेखी विचारा, की वर्ग २ कोणत्या त्रुटीमुळे मिळाला आणि तिची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी होणार आहे का. उत्तर ‘उतारावरची बाभळीची झाडे काढायची आहेत’ असे आले, तर तेही हलके घेऊ नका, कारण कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाण्याला वाट मिळते. पण उत्तरात सांडवा, गळती किंवा माथ्याचे खचणे यांपैकी काही असेल, तर काम पूर्ण होईपर्यंत साठा कोणत्या पातळीपर्यंत मर्यादित ठेवणार आहेत, हेही लेखीच मागून घ्या.