चॉकलेट लॉलीपॉपचा केक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला घरीच क्रीमचा केक केला, वर चॉकलेटचे लॉलीपॉप खोचले आणि फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर लॉलीपॉपवर पाण्याचे थेंब जमले. उरलेल्या लॉलीपॉपवर दुसऱ्या दिवशी पांढुरके डाग दिसले. चॉकलेट खराब निघालं का? (डोंबिवली)

उत्तर : चॉकलेट चांगलं होतं. पावसाळ्यात तुमच्याकडची हवा दमट असते, आणि गार वस्तूवर त्या हवेतलं पाणी लगेच धरतं. त्या थेंबांत चॉकलेटच्या वरच्या थरातली साखर विरघळते. पाणी उडून गेलं की तीच साखर पांढरा थर होऊन मागे राहते. बोट फिरवून पाहा, खरखरीत लागेल. डाग गुळगुळीत, तुपकट लागला आणि बोटाच्या उबेनं पुसट झाला, तर मात्र साखर नव्हे, चॉकलेटमधली चरबी वर आली आहे, म्हणजे चॉकलेट मधेच मऊ होऊन पुन्हा घट्ट झालं आहे. दोन्ही खायला चालतात, फक्त रूप जातं.

लॉलीपॉप सेट होण्यापुरतेच फ्रिजमध्ये ठेवा. दहा-बारा मिनिटं पुरतात. मोल्डची खालची बाजू पारदर्शक असेल तर ती धुरकट दिसू लागली की चॉकलेट सुटलं असं समजा. काढल्याबरोबर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा आणि अर्धा तास डबा उघडू नका. पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला धरतं, लॉलीपॉप कोरडे राहतात. यानंतर ते फ्रिजबाहेरच ठेवा. व्हिप्ड क्रीमचा केक फ्रिजमध्येच राहायला हवा, म्हणून काडीनं भोकं आधी पाडून ठेवा आणि लॉलीपॉप मेणबत्ती लावायच्या वेळी खोचा. एप्रिल-मेच्या उन्हात जळगाव-नागपूरकडे मात्र डबा घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावा लागेल.

प्रश्न : चॉकलेट वितळवताना अचानक घट्ट होऊन रव्यासारखं झालं. थोडं पाणी घातलं तर आणखी बिघडलं. रंगीत लॉलीपॉप करताना रंग घातल्यावरही तेच झालं. (सांगली)

उत्तर : दोन्ही वेळा पाणीच आड आलं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कण चरबीत मोकळे तरंगत असतात. पाण्याचा थेंब पडला की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. ओला चमचा किंवा डबल बॉयलरमधली वाफसुद्धा त्याला पुरते. वरचं भांडं खालच्या भांड्यावर घट्ट बसणारं घ्या, खालचं पाणी वरच्या बुडाला लागू देऊ नका, उकळी आली की गॅस बंद करा आणि मगच चॉकलेट ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर 200 ग्रॅम चिरलेलं कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती चरबी घातलेलं चॉकलेट) आधी 30 सेकंद, मग 15-15 सेकंद, दर वेळी ढवळून. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते ढवळताना आपोआप विरघळतात. जास्त तापवलं तरी चॉकलेट दाट आणि कणीदार होतं.

बिघडलेलं चॉकलेट टाकू नका. गरम क्रीम चमचा-चमचा घालून घोटत राहा, गुळगुळीत गनाश होईल. त्याचे लॉलीपॉप होणार नाहीत, पण केकच्या मधल्या थराला ते छान लागतं.

रंगासाठी पांढरं कंपाउंड आणि चॉकलेटचे तेलातले रंग घ्या. केकच्या क्रीमचे जेल किंवा पातळ रंग बहुतेक पाण्यातले असतात, ते इथे चालत नाहीत. डोळे, फुलं, अक्षरं अशी नक्षी हवी असेल तर टूथपिकनं रंगीत चॉकलेट मोल्डमध्ये लावा, दोन-तीन मिनिटं सुकू द्या आणि मग बाकीचं भरा. भरायचं चॉकलेट मनगटाला जेमतेम कोमट लागलं पाहिजे. गरम ओतलंत तर खालची नक्षी विरघळून पसरते.

प्रश्न : खायच्या चॉकलेटच्या वड्या कंपाउंडमध्ये घालून वितळवल्या, चव चांगली यावी म्हणून. लॉलीपॉप नीट सेटच झाले नाहीत. (नाशिक)

उत्तर : कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते. या दोन चरबी एकत्र आल्या की नीट जमत नाहीत, लॉलीपॉप मऊ राहतो आणि डागही लवकर पडतात. काहीतरी एकच घ्या. खऱ्या डार्क चॉकलेटचे करायचे असतील तर टेम्परिंग टाळता येत नाही: 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत 27-28 पर्यंत उतरवायचं, पुन्हा 31-32 वर आणून मोल्डमध्ये भरायचं. थर्मामीटर नसेल तर कंपाउंडच वापरा. चवीसाठी चांगल्या प्रतीचं निवडा आणि केकमध्येच कोको वाढवा.

प्रश्न : लॉलीपॉप केकवर कलतात. एक तर काडीवरून निसटून खाली पडला. (कोल्हापूर)

उत्तर : निसटण्याचं कारण मोल्डमध्येच असतं. काडी चॉकलेटवर नुसती ठेवून चालत नाही. चॉकलेट पातळ असतानाच ती आत दाबा आणि स्वतःभोवती एक पूर्ण फेरा द्या, म्हणजे चारही बाजूंनी चॉकलेट लागेल. दोन इंची चकतीत काडी निम्म्याहून वर गेली पाहिजे. मोल्ड नसेल तर बटर पेपरवर वाटीनं गोल आखा, कागद उलटा करा, त्यावर चमच्यानं चॉकलेट पसरा आणि काडी अशीच फिरवून बसवा. मोल्ड भरल्यावर दोन-तीनदा ओट्यावर आपटा, हवेचे बुडबुडे निघून जातात. एका लॉलीपॉपला 15 ते 20 ग्रॅम चॉकलेट लागतं, म्हणजे 200 ग्रॅममध्ये दहा-बारा.

कलण्याचा दोष केकचा आणि काडीच्या लांबीचा. सहा इंचांची काडी केकमध्ये दीडच इंच गेली तर वरचं वजन ती खाली ओढणारच. काडी चार इंचांची ठेवा, त्यातली दोन इंच केकमध्ये जाऊ द्या. केक किमान साडेतीन इंच उंच हवा, आणि लावण्यापूर्वी तासभर गार केलेला. कागदी काडीचं खालचं टोक वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून सुकवा, नाहीतर ती क्रीममधलं पाणी पिऊन मऊ पडते. तरीही धीर नसेल, तर लॉलीपॉपच्या जागी मिल्कशेकची जाड स्ट्रॉ केकच्या उंचीपेक्षा थोडी आखूड कापून उभी रोवा, आत घट्ट गनाश भरा आणि काडी त्यात बसवा. कापण्यापूर्वी स्ट्रॉ मोजून बाहेर काढा. टूथपिक मात्र मुलांच्या केकमध्ये अजिबात लपवू नका.

प्रश्न : लॉलीपॉप पेलेल असा अंड्याशिवायचा केक सांगा. (डिचोली, गोवा)

उत्तर : दह्याचा. एक कप ताजं घट्ट दही आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटा. सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घाला (दोन्ही चहाचे चमचे), पाच मिनिटं ठेवा, फेस वर येईल. मग अर्धा कप तेल, एक चमचा व्हॅनिला आणि दीड कप चाळलेला मैदा हलक्या हातानं मिसळा. सहा इंची उंच टिनमध्ये 180 अंशांवर 40 मिनिटांनी सुरी खुपसून पाहा. दही आंबट किंवा पाणचट असेल तर मधला भाग बसतो आणि तिथेच काडी हलते, म्हणून पातळ दही आधी अर्धा तास फडक्यात टांगून घ्या. केक पूर्ण निवल्यावर आडवा दोन थरांत कापा, मध्ये आणि बाहेरून 300 ग्रॅम डार्क कंपाउंड व 150 ग्रॅम क्रीमचं गनाश लावा. हे गनाश घट्ट बसतं आणि काडीला धरून ठेवतं.