दुपाखी छपराखाली उघडं ठेवावं की सपाट सीलिंग करावं?

तुमच्या जांभ्याच्या भिंती दहा फुटांवर आल्यात, वर मंगलोरी कौलांचं दुपाखी छप्पर येणार आहे. कंत्राटदार सगळीकडे सपाट जिप्सम सीलिंग सुचवतोय आणि घरच्यांना आढ्यापर्यंत, म्हणजे दोन्ही पाखी वर जुळतात तिथपर्यंत उघडं हवंय. माझं मत विचाराल तर हॉल, जेवणघर आणि स्वयंपाकघर उघडं ठेवा, झोपायच्या खोल्यांवर माळा घाला. फक्त हे कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) बनवायला टाकायच्या आधी ठरवा.

कारण दोन्ही पाख्यांचे वासे भिंतींना बाहेर रेटत असतात आणि कैचीचा खालचा आडवा दांडा तो रेटा धरून ठेवतो. उघडं दिसावं म्हणून तो दांडा नंतर कापून टाकायला सांगणारे लोक आहेत. जांभ्याची भिंत वरचं वजन छान पेलते, पण आडवा रेटा तिला सोसत नाही. एक तर दांडे तसेच राहू द्या (रंगवले की वाईट दिसत नाहीत), नाहीतर आढ्याखाली भक्कम तुळई घालून तिचं वजन दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर घ्या. अंतर जास्त असेल तर मध्ये खांबही लागेल. हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

उंचीचा अंदाज सांगतो. खोली वीस फूट रुंद आणि उतार तीस अंश धरला, तर आढं भिंतीच्या डोक्यापासून पावणेसहा फूट वर, म्हणजे जमिनीपासून जवळजवळ सोळा फुटांवर जातं. खोलीतली हवा सपाट सीलिंगपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. एसी लावायचा असेल त्या खोलीत हे परवडत नाही, म्हणूनच बेडरूमवर माळा.

उन्हाळ्यात तापलेली हवा आढ्याशी जमते. तिथून तिला वाट मिळाली तर खाली बरं वाटतं. म्हणून त्रिकोणी भिंतींत दोन्हीकडे उंचावर जाळ्या ठेवा, पावसाची झड आत येणार नाही अशा तिरक्या पट्ट्यांच्या. माळ्याच्या वरच्या पोकळीलाही अशाच जाळ्या हव्यात, नाहीतर ती भट्टीसारखी तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहते. कौलांना खालून फॉइल चिकटवू नका. भिजलेली कौलं वाळायला मधे हवा खेळावी लागते, निदान दीड-दोन इंच फट सोडा.

उघड्या छपराची खरी बाजू मला पावसात पटते. माकडांनी कौल फोडलं किंवा वाऱ्याने सरकलं, तर थेंब कुठून येतोय ते लगेच दिसतं. सपाट सीलिंगवर तेच पाणी पसरतं, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) भिजत राहतात आणि डाग उमटेपर्यंत कळतही नाही. कोकणच्या दमट हवेत जिप्सम ओलावा धरतं, फुगतं, बुरशी येते. त्याऐवजी सिमेंट बोर्ड घ्या, किंवा वाळवीचं औषध मारलेल्या फळ्या. माळ्याला माणूस वर जाईल एवढं झाकण ठेवायला विसरू नका. उंदीर चढतातच, आणि दर मेमध्ये कौलं चाळायला कुणीतरी वर जावंच लागतं.

उजेडासाठी उघड्या भागात दोन-तीन काचेची कौलं पुरतात, तीही उत्तरेकडच्या पाख्यावर. पंख्याचे लांब दांडे आणि हुक मात्र वायरिंगच्या वेळीच सांगून ठेवा. कैच्यांचा नकाशा आला की इथे टाका, आडवा दांडा कुठे येतोय ते बघू.