जुन्या फियाटचे ब्रेक घरच्या घरी उघडावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीजवळच्या गावात वडिलांची १९६८ची फियाट ११०० बरीच वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. आता इंजिन चालू झालंय, पण ब्रेकचं पेडल पहिल्या दणक्यात पार खाली जातं आणि तीनचारदा मारलं की वर येतं. मेकॅनिक म्हणतो, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलतो तो) बदला. हे काम घरी जमेल का?

जमेल. मी बेळगावात टिळकवाडीतल्या घराच्या पत्र्याखाली १९७६ची पद्मिनी अशीच उघडली होती. ती तुमच्या गाडीचीच धाकटी बहीण, नाव तेवढं नवीन. चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात), आणि माझ्या गाडीत चौघांना मिळून एकच मास्टर, एकच लाइन. एका चाकाचं रबर फाटलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून ‘पुढची दोन आत्ता करूया, मागची दिवाळीनंतर बघू’ असलं काही मनात आणू नका.

मास्टरवर पैसे घालण्याआधी पेडल काय सांगतंय ते बघा. दोनतीनदा मारल्यावर वर येऊन कडक लागत असेल, तर बहुतेक वेळा शू ड्रमपासून लांब गेलेले असतात, म्हणजे नुसतं सेटिंग गेलेलं असतं. वर येऊनही स्पंजासारखं दबत असेल तर लाइनीत हवा आहे. आणि पाय तसाच दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल, बाहेर कुठे गळतीही नसेल, तर मास्टरच्या आतलं रबर गेलं. तुमच्या वर्णनावरून मला पहिलं वाटतंय. पण इतकी वर्षं उभी असलेली गाडी, सगळं उघडावंच लागणार.

गाडी जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. ड्रम निघाल्यावर आत काळी भुकटी दिसेल. ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची सवय आपल्याकडं सगळ्यांना आहे. त्या काळच्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. स्प्रिंगा काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बघून जुळवता येते. (मी दोन्ही उघडल्या होत्या. रात्री साडेदहाला एक स्प्रिंग हातात घेऊन बसलो होतो.)

व्हील सिलिंडरचे (प्रत्येक चाकात शू ढकलणारे) पिस्टन गंजून बसलेले असतील. ब्रेक ऑइल पाजून, लाकडी दांड्यानं हलके ठोके देऊन काढा. आतून बोट फिरवा: नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरनं जाईल, पण नखाला खड्डा लागला तर सिलिंडर बदला किंवा आत स्लीव्ह (नवीन नळी) बसवून घ्या. खड्ड्यावर नवीन रबर चार दिवस टिकतं, पाचव्या दिवशी गळतं. रबर घेताना जुनं सोबत न्या, नुसत्या गाडीच्या नावावर घेऊ नका. मला एकदा दिसायला सारखंच पण मापानं लहान किट मिळालं होतं. आणि ही रबरं रॉकेल-पेट्रोलनं धुवू नका, फुगतात. ब्रेक ऑइलनंच धुवायची.

ड्रम मात्र घरी करायचे नाहीत. मी दोन्ही पुढचे ड्रम पिशवीत घालून उद्यमबागेत नेले. बेळगावात लेथ आणि फाउंड्र्यांना तोटा नाही, त्यामुळं हे काम इथं सोपं आहे. लेथवरच्या माणसानं ड्रम चढवून एक फेरा मारला आणि म्हणाला, “अहो, हे गोल कुठं ऱ्हायलंय, अंड्यागत झालंय की.” टूल अर्ध्या भागात खरवडत होतं, अर्ध्यात हवेत फिरत होतं. पेडल पायाखाली थरथरायचं ते का, हे तिथं कळलं. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे करून घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. आणि खोल चरे घालवायच्या नादात जास्त मटेरियल काढू देऊ नका. पातळ ड्रम तापला की पसरतो. आमचा माणूस स्वतःच “साकु, साकु” (कन्नडमध्ये ‘पुरे, पुरे’) म्हणत थांबला. नवीन लायनर रिव्हेट मारूनही बसतात, चिकटवूनही. पण तेही ज्याचं काम त्यालाच द्या.

आता माझी खरी फजिती. सगळं नवीन बसवलं, एअर (लाइनीतली हवा) काढली आणि खानापूर रस्त्यानं पिरनवाडीपर्यंत गेलो. गाडी जड वाटायला लागली. उतरून पुढच्या डाव्या चाकावर पाणी शिंपडलं तर छुस्स! बाकी तिन्ही थंड. आधी वाटलं, पेडलकडून मास्टरला ढकलणाऱ्या रॉडला मोकळीक राहिली नसेल. ती जराशी लागतेच, नाहीतर ऑइल परत टाकीत येत नाही. पण तसं असतं तर चारही चाकं धरली असती. घरी येऊन चाक उचललं. फिरेना. होज पाइपच्या (चाकाजवळच्या लवचीक रबरी नळीच्या) अलीकडचा, लोखंडी पाइपाचा नट सैल केला. चाक तसंच जाम. मग चाकावरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. म्हणजे दाब होजच्या आतच अडकला होता. तो होज मी ब्लेडनं उभा चिरून बघितला. बाहेरून अगदी धड, आतून रबर सुजून भोक सुईच्या नेढ्याएवढं राहिलेलं. पायाच्या जोरानं ऑइल पुढं जायचं, पण स्प्रिंगच्या जोरानं मागं येत नव्हतं. त्याच होजवर हात फिरवून मी ‘चांगला आहे’ म्हणून ठेवून दिला होता. तुम्ही तिन्हीचारही होज डोळे झाकून बदला.

एअर काढायला दुसरा माणूस लागतो. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्याकडं बहुतेक वेळा मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आमच्या पेडलवर शेजारचे अज्जा बसले होते. त्यांची कन्नड आणि माझी मराठी, पण “ओत्त… हिडि… बिड” (दाबा… धरा… सोडा) एवढ्यावर सगळं काम झालं. दाबून धरल्यावर निपल उघडायचं, बंद केल्यावरच पाय सोडायचा. यात एकदा जरी गडबड झाली तरी हवा परत आत. मास्टरवरची ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका आणि सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं.

ऑइल सीलबंद डब्यातलंच घाला. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) कोरडं असताना २०५ अंशांच्या पुढं उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत येते. चोर्ला घाट उतरताना ड्रम तापून ऑइलची वाफ झाली तर पेडल जमिनीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला आणि घाट गिअरवरच उतरा.

सगळं झालं की लगेच रस्त्यावर काढू नका. अंगणातच पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. मग चारही चाकांमागे आणि मास्टरखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी एकाही पुठ्ठ्यावर डाग नसला तर रिकाम्या माळावर पहिल्या गिअरात फेरी मारा, हँडब्रेकवर हात ठेवून.