न ऐकलेल्या आवाजाची मोहिनी

प्रश्न : १९२०च्या दशकातील हॉलिवूडचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याच्या मूकपटांतील काही दृश्ये नुकतीच पाहिली. विस्फारलेले डोळे आणि भराभर हालचाली पाहून हसूच आले. त्या काळातील स्त्रिया त्याच्यावर एवढ्या कशा भाळल्या?

उत्तर : भराभर हालचालींचा दोष बहुधा त्याचा नाही. मूकपट अनेकदा सेकंदाला २४ पेक्षा कमी चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने चित्रित होत. तेच बोलपटाच्या वेगाने दाखवले, की संथपणे जवळ येणारा प्रियकर धावत आल्यासारखा दिसतो. व्हॅलेंटिनोचे सारे सामर्थ्य तर त्या संथपणातच होते. पटकथालेखिका जून मॅथिस यांच्या आग्रहामुळे त्याला 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स' (१९२१) मिळाला आणि त्यातील टँगो नृत्याने तो घरोघरी पोहोचला. डग्लस फेअरबँक्ससारख्या हसतमुख, उड्या मारणाऱ्या नायकाला नायिका लाभे ती पराक्रमाचे बक्षीस म्हणून. व्हॅलेंटिनो मात्र समोरच्या स्त्रीकडे असा पाही, की जणू तिच्याखेरीज जगात दुसरे काही नाही. अमेरिकेत १९२० साली मतदानाचा हक्क मिळवलेल्या स्त्रियांच्या पिढीला त्या नजरेत आपल्या इच्छेची दखल दिसली असावी, असे मला वाटते. (त्याच्या 'द शेख' या चित्रपटातील नायिकेचे अपहरण मला आजही खटकते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही.)

शिवाय या नायकांना आवाज नव्हता, हीच त्यांची मोठी जमेची बाजू होती. पडद्यावर ओठ हलत, संगीत चालू असे, आणि तो कोणत्या स्वरात बोलला हे प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनाशी ठरवी. प्रकाशयोजनाही त्याच कामाला लागे. 'फ्लेश अँड द डेव्हिल'मध्ये (१९२६) अंधाऱ्या बागेत नायक जॉन गिल्बर्ट काडी पेटवतो, तेव्हा छायालेखक विल्यम डॅनियल्स यांनी त्याच्या ओंजळीत लपवलेल्या चिमुकल्या दिव्याचा उजेड त्याच्या आणि नायिका ग्रेटा गार्बोच्या चेहऱ्यांवर पडतो. तेवढ्या उजेडात दोघांच्या मनातले सारे कळते.

व्हॅलेंटिनो २३ ऑगस्ट १९२६ रोजी, अवघ्या ३१ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा अंत्यदर्शनासाठी रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली होती. योग्य वेगाची, संगीताची साथ असलेली प्रत मिळवून तो टँगो आपण पुन्हा एकदा पाहावा, आणि या वेळी लक्ष त्याच्या पायांकडे न देता नजरेकडे द्यावे.